जुन्या कूपेचा पत्रा, नव्या हॅचबॅकचे कागद

एमजीबी जीटी ही १९६५ साली आलेली इंग्लिश स्पोर्ट्स कूपे (दोन दारांची, मागे उतरत्या छताची गाडी) आणि २०१७ साली आलेली सुझुकी स्विफ्ट शेजारी शेजारी उभ्या करा. लांबीत फरक जेमतेम पाच सेंटिमीटरचा. पण कूपे एक वीत अरुंद, एक वीत बुटकी आणि तरीही दीड-दोनशे किलोंनी जड. ब्रिटनमध्ये स्थिरावलेल्या आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांना कधीतरी हा मोह होतो. स्विफ्टच्या किमतीत किंवा थोडे वर घालून एक देखणी जुनी गाडी मिळतेय, मग तीच का घेऊ नये? प्रश्न रास्त आहे. गोंधळ होतो तो तुलना करण्याच्या पद्धतीत. नवखा माणूस दोन्ही गाड्या एकाच यादीने तपासतो: इंजिन कसं वाजतं, रंग कसा आहे, किती मैल चालली. जुन्या कूपेत जीव पत्र्यात असतो आणि इंजिन ही त्यातली स्वस्त बाब असते. नव्या हॅचबॅकचा पत्रा बहुधा ठीकच असतो, तिथे खोटं लपतं कागदांत आणि कॉम्प्युटरमध्ये.

पायरी १: नेमकी कुठली कूपे, ते ठरवा

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात एमजीबी जीटी १९६५ ते १९८० अशी पंधरा वर्षं बनली. छताची आणि मागच्या दाराची रेषा पिनिनफरिना या इटालियन डिझाइन कंपनीची. इंजिन १७९८ सीसीचं, बी-सिरीज. जीटीत पहिल्यापासून पाच बेअरिंगांचा क्रँक आहे, त्यामुळे रोडस्टरवाल्यांना, म्हणजे उघड्या छपराच्या एमजीबीवाल्यांना, पडणारा तीन की पाच बेअरिंग हा प्रश्न इथे येत नाही. सहा सिलिंडरची एमजीसी आणि १९७३ ते ७६ मधली व्ही-८ या वेगळ्या जाती आहेत. पहिली गाडी म्हणून त्यांच्या वाटेला जाऊ नका.

लक्षात ठेवायच्या खुणा दोन. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं आणि पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर सहज पडू देणारी सोय, नसते. त्यानंतर निगेटिव्ह अर्थ, अल्टरनेटर आणि चारही गिअरना सिंक्रो आला. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत कुणी आजकालचा रेडिओ प्लसला प्लस, मायनसला मायनस असा जोडला, तर त्याची धातूची पेटी बॉडीला टेकताक्षणी फ्यूज जातो, आणि फ्यूज नसेल तर वायर जळते. दुसरी खूण १९७४ च्या अखेरची: क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले आणि गाडी जमिनीपासून उंच झाली. वळणावर ही उंची जाणवते. नवख्याने १९६८ ते ७४ मधली, क्रोम बंपरची आणि ओव्हरड्राइव्ह (लांब रस्त्यावर इंजिनाचे फेरे कमी करणारा जोडगिअर) असलेली गाडी शोधावी. रबरी बंपरवाली स्वस्त मिळते आणि चांगल्या पत्र्याची असेल तर तीही वाईट नाही. क्रोम बंपर लावलेल्या सडक्या गाडीपेक्षा ती केव्हाही बरी.

आता आकडे, एकदाच. एमजीबीची ताकद ९५ अश्वशक्ती, स्विफ्ट १.२ पेट्रोलची साधारण ९०. पण एमजीबीचा जोर सुमारे १४९ न्यूटन-मीटर, तोही ३००० आरपीएमलाच. स्विफ्टचा १२० च्या आसपास आणि तो ४४०० ला येतो. म्हणून चढावर कूपे वरच्या गिअरमध्ये निवांत ओढते, तिथे स्विफ्टला गिअर खाली घ्यावा लागतो. ताशी ६० मैल गाठायला कूपेला तेरा सेकंद किंवा जास्त लागतात, स्विफ्टला बारा. शर्यत लावली तर स्विफ्ट जिंकणार. हे आधीच मान्य करून टाका, म्हणजे पुढचं नीट दिसेल.

पायरी २: घरबसल्या कागद

स्विफ्टचं निम्मं काम इथेच होतं. ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की एमओटी चाचण्यांचा, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का याच्या सक्तीच्या वार्षिक तपासण्यांचा, इतिहास फुकट दिसतो. प्रत्येक चाचणीच्या वेळचं मैलांचं रीडिंग ओळीने कागदावर उतरवा. मध्येच आकडा कमी झाला असेल किंवा एरवी वर्षाला दहा हजार मैल पळणारी गाडी अचानक पाचशेवर आली असेल, तर मालकाला विचारा. नवीन गाडीची पहिली एमओटी तीन वर्षांनी होते, तोवरचा पुरावा म्हणजे सर्व्हिस बुक. दोन्ही चाव्या आहेत का, कंपनीने परत बोलावून केलेली दुरुस्ती बाकी आहे का, अपघातानंतर विमा कंपनीने गाडी एस किंवा एन वर्गात टाकली होती का, हे तीन प्रश्न फोनवरच विचारायचे. एस म्हणजे सांगाड्याला मार बसलेला. अशी गाडी घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

कूपेच्या बाबतीत एक सापळा आहे. २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांना ब्रिटनमध्ये एमओटीची सक्ती नाही. सगळ्याच एमजीबी जीटी आता यात बसतात. रोड टॅक्सही शून्य, फक्त गाडी हिस्टॉरिक वर्गात नोंदलेली हवी आणि शून्य पौंडांचा का होईना, दर वर्षी तो टॅक्स ‘भरावा’ लागतो. ऐकायला गोड वाटतं. पण याचा अर्थ असाही होतो की या गाडीच्या पोटाखाली गेली कित्येक वर्षं कुणी त्रयस्थ माणूस टॉर्च घेऊन गेलेलाच नाही. म्हणून जुना एमओटी इतिहास उघडा. संगणकीकृत नोंदी २००५ नंतरच्या आहेत. ‘सिलला (दाराखालच्या उंबऱ्याला) गंज’, ‘स्प्रिंगच्या हँगरपाशी गंज’ अशी सूचना २०१४ सालची दिसली आणि पुढच्या वर्षी ती गायब झाली, तर मध्ये झालेल्या वेल्डिंगचे फोटो मागा. फोटो नसतील तर ते काम काळ्या रंगाने झालंय असं धरून चाला. विकणारा खरा असेल तर तुमच्या खर्चाने ऐच्छिक एमओटी करायला तो नाही म्हणणार नाही. गाडी मुळात कुठल्या रंगाची, कुठल्या देशासाठी बनली होती, याचा दाखला गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळतो. पण तो गाडी घेतल्यावर मागवलात तरी चालेल.

पायरी ३: पत्रा, इथे घाई नको

सोबत न्यायचं सामान: जुनी चटई, चांगला टॉर्च, जॅक आणि दोन स्टँड, मऊ फडक्यात गुंडाळलेलं फ्रीजवरचं लोहचुंबक. पावसात किंवा नुकत्याच धुतलेल्या गाडीकडे बघायला जाऊ नका. ओला रंग सगळंच झाकतो.

सुरुवात दाराखालच्या उंबऱ्यापासून, म्हणजे सिलपासून. एमजीबीला वेगळी चॅसी नाही. गाडीचा ताठपणा या दोन उंबऱ्यांवर आहे. प्रत्येक उंबरा म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा आणि आतली भिंत असे तीन थर एकमेकांना जोडलेले असतात. गंज आतून बाहेर येतो. बाहेर सुपारीएवढा फुगा दिसतो तेव्हा मधला पडदा बहुतेक वेळा खलास झालेला असतो. बाहेरचा पत्रा पुढच्या मडगार्डच्या आत बराच लांब जातो. नीट काम करायचं तर मडगार्ड उतरवून, तिन्ही थर कापून नवे बसवावे लागतात. कामचुकार गॅरेज दिसतो तेवढाच भाग कापतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे सडक्या पत्र्यावर नवा पत्रा चढवून वेल्ड मारतं. ओळखायचं कसं? दार उघडून उंबऱ्याच्या खालच्या कडेवर बोट फिरवा. मूळ कडेवर ठरावीक अंतराने स्पॉट वेल्डचे गोल खळगे लागतात. सलग गुळगुळीत कड आणि जाड काळा थर लागला, तर लोहचुंबक लावा. ते घसरलं की खाली पुट्टी आहे.

मग जॅकची परीक्षा. मालकाची परवानगी घ्या आणि दाराच्या मागच्या कडेची फट आधी डोळ्यात भरून घ्या. एका बाजूच्या जॅकच्या जागेवरून गाडी हळूहळू उचला. चाक सुटेपर्यंत फट तेवढीच राहिली तर ठीक. फट मिटत गेली, दार उघडताना अडू लागलं, तर गाडी मधोमध वाकते आहे. इथे जीटीची एक लबाडी लक्षात ठेवा: तिला छप्पर आहे. ते छप्पर कमकुवत उंबऱ्याचा भार उचलून धरतं, म्हणून रोडस्टरमध्ये जे लगेच उघडं पडतं ते जीटीमध्ये लपतं. परीक्षेत पास झाली तरी चटई टाकून खाली शिराच.

खाली शिरल्यावर: मागच्या पाट्यांचे (पट्टीच्या स्प्रिंगचे) हँगर, त्यांच्या आसपासचा पत्रा, मागच्या बाकाखालच्या बॅटरीच्या पेट्या (१९७४ पर्यंत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, ॲसिड सांडून पेट्यांचा तळ जातो), पायाखालचा पत्रा. वर येऊन पुढच्या मडगार्डची मागची खालची बाजू बघा. आत चिखल साचून ती कुजते. नंतर काचेच्या खालची पट्टी आणि मागच्या दाराची खालची कड. शेवटी दाराच्या पुढच्या छोट्या त्रिकोणी काचेच्या बुडाशी दाराच्या पत्र्याला नखाएवढी चीर आहे का बघा. ही चीर जवळजवळ प्रत्येक एमजीबीच्या दारावर कधी ना कधी येते. ती जीवघेणी नाही, पण भाव पाडायला उपयोगी आहे.

एमजीबीचे पत्र्याचे बहुतेक सगळे भाग आजही नवे मिळतात. ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ पासून मूळ साच्यांवर रोडस्टरचा अख्खा नवा सांगाडा बनवायला घेतला. तेव्हा अडचण भाग मिळण्याची नाही, ते बसवायला लागणाऱ्या तासांची आहे.

स्विफ्टचा पत्रा दहा मिनिटांत उरकतो. बॉनेटच्या बिजागऱ्या आणि मडगार्ड धरणाऱ्या बोल्टच्या डोक्यांवर पान्याचे ओरखडे आहेत का बघा. असले तर पुढचा भाग उघडला गेलाय. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील, तर मालकाने बाकीच्या कामांतही हात आखडलेला असणार.

पायरी ४: थंड इंजिन

दोन्ही मालकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी रेडिएटरला हात लावा. गरम असेल तर सुरू होण्याची रड लपवली जातेय.

कूपेची किल्ली अर्धी फिरवा आणि कान द्या. मागून टक-टक-टक असा आवाज येतो, तो एसयू कंपनीचा विजेवरचा पेट्रोल पंप. कार्बोरेटर भरले की तो काही सेकंदांत थांबतो. थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे, कुठेतरी हवा ओढली जातेय, किंवा फ्लोटची सुई बसत नाहीये. शेवटचं असेल तर पेट्रोल वाहून खाली ठिबकताना दिसेल, लगेच किल्ली बंद करा. मुळीच टकटक नसेल तर पंपाचे पॉइंट चिकटलेत. पंपाला हलकी चापटी मारून तो चालू करण्याची युक्ती मालकाला माहीत असली, म्हणजे हे रोजचंच आहे.

चोक ओढून इंजिन सुरू करा. गरम झाल्यावर रस्त्यावर ऑइल प्रेशर ५० ते ८० पाउंड हवं, उभ्या गाडीत पंधरा-वीस चालतं. टॅपेटची थोडी टिकटिक असायलाच हवी, कारण थंड इंजिनात फट ०.३८ मिलिमीटर ठेवलेली असते. टॅपेट अजिबात वाजत नसतील तर खूश होऊ नका. फट फार कमी आहे आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याच्या वाटेवर असू शकतो. ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली तर घाबरण्याआधी रेडिएटरचं पाणी बघा. पाणी स्वच्छ आणि पातळी नीट असेल, तर गाडी थंडीत नुसती पाच-दहा मिनिटं फिरते एवढाच अर्थ. पाण्यात तेलाचे तवंग असतील तर हेड गॅस्केट. हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का, तेही विचारा. शिसंयुक्त पेट्रोल ब्रिटनमधून २००० च्या सुरुवातीलाच गेलं, आणि जुन्या हेडच्या सीट शिशाविना झिजतात.

स्विफ्टच्या डॅशबोर्डवरचे दिवे किल्ली फिरवल्यावर सगळे लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा मुळात लागलाच नाही, तर कुणीतरी तो दिवाच गप्प केलाय. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा ओबीडीचा स्वस्त स्कॅनर खिशात ठेवा. बिघाडाचा कोड नाही एवढ्यावर थांबू नका, ‘रेडिनेस मॉनिटर’, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या, पूर्ण झालेत का तेही बघा. बरेचसे अपूर्ण दिसले तर अलीकडेच कोड पुसले गेलेत किंवा बॅटरी काढली होती. दोन-तीन दिवस गाडी चालवून मग पुन्हा दाखवा, म्हणायचं.

पायरी ५: एकाच रस्त्यावर दोन्ही

पंधरा-वीस मैलांचा एक रस्ता ठरवा, त्यात चढ, गावातली गर्दी आणि मोटरवेचा तुकडा हवा. आधी स्विफ्ट चालवा, मग कूपे. उलट क्रम केला तर स्विफ्ट नुसतीच बेचव वाटते आणि कळत काहीच नाही.

कूपेत बसल्यावर रस्त्यावर येण्याआधी रिकाम्या जागेत ताशी ३० मैलांवरून तीनदा ब्रेक मारा. एबीएस नाही, आधीच्या गाड्यांत पायाचा जोर वाढवणारा सर्व्होही नाही, आणि क्रोम बंपरच्या ब्रिटिश गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच. एक पाइप फुटला तर चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणून पेडल कडक लागलं तर ठीक, जोर लावावा लागतो इतकंच. पेडल भुसभुशीत लागलं किंवा धरून ठेवल्यावर हळूहळू खाली गेलं, तर परीक्षा तिथेच संपली.

चालताना प्रत्येक गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचला. गिअर उडी मारून बाहेर आला तर गिअरबॉक्स खोलावा लागेल. ओव्हरड्राइव्हची परीक्षा चौथ्यात, ताशी ५० मैलांवर: बटण दाबल्यावर आरपीएम साधारण २८०० वरून २३०० च्या आत उतरलं पाहिजे, तेही क्षणात. उशीर लागला तर आधी तेलाची पातळी आणि वायर तपासा. ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्सचंच तेल वापरतो, त्यामुळे तेल कमी झालं की पहिला तो रुसतो. तारांची चाकं असतील तर निघताना आणि ब्रेक मारताना ‘टक्’ असा एकच आवाज ऐका. तो आवाज म्हणजे हबवरचे दाते झिजलेत. चाक उचलून, दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून हाताने हलवलं की खात्री होते.

आणि स्टिअरिंग. पॉवर नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन फेऱ्यांना जरा कमी. पार्किंग करताना हात भरून येतात. ताशी ४० मैलांवर मात्र रस्त्याचा प्रत्येक खडा तळहाताला सांगितला जातो, आणि या गाडीसाठी पैसे मोजायचे ते बहुतांशी एवढ्यासाठीच.

पायरी ६: वर्षाच्या कामाचा हिशेब

स्विफ्टला वर्षातून एकदा गॅरेज, तीन लिटरच्या जरा वर ऑइल आणि फिल्टर. टायमिंग चेन असल्याने पट्टा बदलण्याचा खर्च नाही. इथे लिहिण्यासारखं एवढंच.

कूपेला दर ३००० मैलांना काम. २०डब्ल्यू-५० चं सव्वाचार लिटर ऑइल, फिल्टर, प्लगची फट ०.६४ मिलिमीटर, टॅपेट. पुढच्या प्रत्येक चाकाला तीन ग्रीस निपल, आणि ग्रीस भरताना चाक उचललेलं हवं, नाहीतर किंगपिनच्या (पुढचं चाक ज्याभोवती वळतं त्या खुंटाच्या) ज्या बाजूवर भार असतो तिथे ग्रीस पोचतच नाही. किंगपिन वाजण्याचं हेच मुख्य कारण.

नवख्याने पहिलं शिकायचं काम पॉइंटचं, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या संपर्कांचं. डिस्ट्रिब्युटरचं झाकण आणि रोटर काढा. गाडी चौथ्यात टाकून हाताने थोडी ढकला. पॉइंटची टाच कॅमच्या टोकावर आली की फट सर्वांत जास्त उघडते, तिथे थांबा. फीलर गेजचं ०.३८ चं पान फटीत घाला, ते जरा अडखळत सरकलं पाहिजे. स्क्रू सैल करून फट जुळवा, घट्ट करा आणि पुन्हा मोजा, कारण घट्ट करताना ती हमखास सरकते. कॅमवर काडीच्या टोकाएवढं ग्रीस लावा. ते विसरलं तर टाच झिजते, फट मिटते, टायमिंग मागे पडतं आणि महिन्याभरात गाडी ‘पिकअप घेत नाही’ म्हणून कार्बोरेटरला दोष दिला जातो. जुना रोटर आणि कंडेन्सर चालू असतील तर फेकू नका. हल्लीचे काही नवे भाग जुन्यांपेक्षा लवकर मरतात.

पेट्रोलच्या बाबतीत ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, झालं. कूपेला महागडं ई५ घाला आणि इंधनाचे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे, आर९ छापाचे बसवा. पुण्या-मुंबईत जुनी गाडी सांभाळणाऱ्यांना ई२० मुळे हे आणखी लागू आहे. भारतात २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, मात्र ती गाडी रोजच्या वापरासाठी नसते.

हिवाळ्यात इंग्लंडच्या रस्त्यांवर मीठ पडतं, तेव्हा कूपे आत ठेवा. पण दर रविवारी गॅरेजमध्येच पाच मिनिटं चालू करून बंद करण्याची सवय लावू नका. सायलेन्सर आणि ऑइलमध्ये पाणी साठतं. एकतर कोरड्या दिवशी वीस मिनिटं नीट फिरवा, नाहीतर बॅटरी सोडवून झोपू द्या.

घरात एकच गाडी परवडत असेल आणि लहान मूल असेल, तर स्विफ्ट घ्या. जीटीच्या मागच्या बाकावर धड पट्टे नाहीत, एअरबॅग नाहीत, आजची बालआसनं तिथे बसत नाहीत. दुसरी गाडी म्हणून कूपे घेणार असाल तर किमान तीन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि त्यातली एक तरी मुद्दाम महागडी, चांगली केलेली बघा, म्हणजे दाराची फट कशी असायला हवी ते डोळ्याला कळेल.

कूपेच्या डिकीत पॉइंट, कंडेन्सर, रोटर, पंख्याचा पट्टा, फ्यूज, फीलर गेज आणि तारांची चाकं असतील तर तांब्याचा हातोडा कायम ठेवा. स्विफ्टची डिकीही घेण्याआधी उचलून बघा. बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते, नुसती पंक्चरच्या औषधाची बाटली असते, आणि त्या बाटलीचीही मुदत संपलेली असते.